दहानंतरची हाक

नबीचाचा परतवाडा ते चिखलदरा काळी-पिवळी जीप चालवायचे. आता गुडघे गेले, जीप गेली, बोलणं तेवढं राहिलं. अचलपुरात त्यांच्या दारासमोर हिवाळ्यात शेकोटी पेटते आणि लाइन गेली की मोहल्ल्यातली पोट्टी तिच्याभोवती येऊन बसतात. त्या रात्रीही लाइन गेली होती. फरदीननं सांगितलं की तो उद्यापासून घाटाखालच्या तंबूंच्या कॅम्पवर कामाला जातोय, पाहुण्यांना झिपलाइनचे पट्टे बांधून द्यायचं काम. कॉलेज त्यानं सोडलं होतं आणि घरातली मोठी माणसं ते त्याला रोज ताटात वाढत होती.

चाचांनी एक लाकूड आत सरकवलं.

"जाय ना. काहून नाई जाशीन? पन तुह्याआधी त्या कॅम्पवर एक पोट्टा होता, ललित नावाचा. माह्या जीपमंदीच जायचा-यायचा. त्याचं आयकून घे, मंग जाय."

"चाचा, भूत काढून राहिले का?" फरदीन म्हणाला. "तुमच्या लोकायचं हेच हाये. खरं सांगाची येळ आली का भूत काढता."

चाचा हसले नाहीत. सरळ सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, एवढंच म्हणाले. तर ललितची गोष्ट अशी.

साल दोन हजार पंधरा. अकरा डिसेंबर, शुक्रवार, कार्तिकातली अमावास्या. ललित अमरावतीहून एसटीनं परतवाड्याला उतरला तो काखेत एक लांबलचक खोकं घेऊन. खोक्यात दुर्बीण होती. कंडक्टरनं विचारलं होतं, काय बे, भजनाची पेटी आहे का. कॅम्पवर त्या रात्री तारे बघायचा कार्यक्रम होता, अमावास्येला आकाश काळं कुळकुळीत असतं म्हणून मुद्दाम ती रात्र धरलेली. चाचांनी त्याला जीपमध्ये पुढे बसवलं. वाटेत ललित कृत्तिकांचा पुंजका दुर्बिणीतून कसा दिसतो ते सांगत होता, आणि चाचा हो हो करत होते. सगळं असं साधं चाललेलं होतं.

कॅम्प मोहापाटीत, ललितच्याच गावच्या वावरांत होता. त्याआधी दोन सालं लागोपाठ सोयाबीन गेलं, शेंगा भरल्याच नाहीत. टेकडीखालची खडकाळ वावरं लोकांनी खुशालरावांना भाड्यानं देऊन टाकली. खुशालराव गावचेच, दोन ट्रॅक्टरचे मालक, पारावर मधोमध बसणारे. बोर्डावर 'ग्लॅम्पिंग' असं लिहिलं होतं. गावात तो शब्द कोणाच्या तोंडात बसला नाही, म्हणून सगळे नुसतं 'तंबू' म्हणायचे. तंबू राजस्थानातून आणलेले. आतल्या कापडावर उंटांच्या रांगा छापलेल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी गादीवर पडून पुण्या-नागपूरचे पाहुणे उंट बघायचे. दिवसा कड्यावरून दोरीनं उतरायचं, तारेला लटकून नाला ओलांडायचा, बैलबंडीत बसून फोटो काढायचे. 'कापूस वेचण्याचा अनुभव' हाही एक प्रकार होता. ललितची आई मनकर्णा ज्या पऱ्हाटीत पाठ मोडेस्तोवर वेचायची, तिथं पाहुणे चार बोंडं तोडून हसत बाहेर यायचे, आणि बाया त्यांच्यासोबत फोटोला उभ्या राहायच्या.

ललितनं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. दोरीचं काम मात्र त्याच्या हातात बसलं. त्यानं बांधलेली गाठ कधी सरकली नाही. पण तो पाहुण्यांशी मले-तुले बोलतो अशी एक तक्रार आली होती, आणि खुशालरावांनी बजावलं होतं, आणखी एक तक्रार आली का घरी. घरी म्हणजे गावातही नाही. काम गेलं तर त्याला सुरतेला नाहीतर पुण्याला कंपनीत जावं लागणार होतं, आणि मनकर्णा एकटी पडणार होती. गावात राहायला त्याच्याकडे हे एवढं एकच निमित्त होतं. त्यासाठी तो पुस्तकातलं मराठी बोलायला शिकत होता.

आता जागलीचं सांगायला पाहिजे.

टेकडीतून डुकरं उतरतात, रोही म्हणजे नीलगाई उतरतात. एका रात्रीत तूर, हरभरा साफ. म्हणून मोहापाटीत दर वावरात मचाण आणि मचाणावर रात्रभर एक माणूस. त्याला एक रीत होती. टेकडीकडच्या पहिल्या मचाणावरून हाक निघायची. खालचा तिला आवाज द्यायचा, मग त्याच्या खालचा, अशी ती हाक पार नाल्यापर्यंत उतरत जायची. डुकरं बिचकायची ते वेगळं. मुद्दा असा की आवाज आला म्हणजे माणूस शाबूत आहे. आवाज आला नाही तर वरचा माणूस बॅटरी घेऊन आपल्या मचाणावरून उतरायचा आणि खाली बघायला यायचा. झोप लागली असेल, पडला असेल, काही झालं असेल. येणं चुकायचं नाही. धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा एकमेकांच्या मचाणावर असे गेलेले ललितनं पाहिले होते.

पहिलं मचाण नत्थुजींचं. त्यांच्या खालचं ललितच्या आजोबांचं. लहानपणी ललित तिथं आजोबांच्या कुशीत झोपायचा. नत्थुजींची हाक मधेच फाटायची आणि शेवटी खोकला यायचा. आजोबा अर्ध्या झोपेत आवाज द्यायचे आणि कूस बदलायचे.

कॅम्प आला तसं आजोबांच्या मचाणाचं 'मचाण स्वीट' झालं. पलंग, पडदे, शिडीच्या जागी लाकडी पायऱ्या. मग पाहुण्यांनी तक्रार केली की रात्री लोक ओरडतात. खुशालरावांनी पारावर बैठक घेतली. दहानंतर आवाज नको. बदल्यात सगळ्या वावरांना झटका मशीन लावून देतो, तारेला जनावर लागलं की झटका बसते, भोंगा वाजते, मग जागल पाहिजेच कशाला. म्हातारे खूश. एकटे नत्थुजी उभे राहिले.

"मशीन डुकराले झटका देईन," ते म्हणाले. "मचानावर मानूस जिता हाये का मेला, थे कोन सांगन?"

लोक हसले. ललित मागून म्हणाला की काका बरोबर बोलून राहिले. त्याला सांगण्यात आलं, आधी शिक्षण पुरं कर, मग अक्कल शिकव. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला डोकं लागत नाही, नुसती मान असली की झालं, आणि पारावर मानांना तोटा नव्हता.

नत्थुजींनी तारेवर भरवसा ठेवला नाही. ते गपचूप आपल्या मचाणावर जाऊन बसायचे. दसरा झाल्यावर एका सकाळी ते घरी आले नाहीत. सून भाकर घेऊन वावरात गेली तेव्हा सापडले, मचाणाच्या खाली. ललित त्या दिवसांत दोरीच्या प्रशिक्षणाला चिखलदऱ्याला होता. परत आला तेव्हा त्याला हळूहळू कळलं ते असं: नत्थुजींनी रात्री हाक मारली होती. एकदा नाही, खूपदा. लोकांनी ती ऐकली होती. पण दहा वाजून गेले होते, खुशालरावांना काय वाटेल, आणि सकाळी बघू. कशानं गेले ते कोणी पाहिलं नाही. छातीत कळ आली असेल, असं पारावर ठरलं. माणूस कशानं मेला हेही त्या पारावरच ठरतं. दिवस मावळायच्या आत जाळून मोकळे झाले. ललितनं एकेकाला जाऊन विचारलं, तुमी आवाज काहून नाई देला. प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं.

इथवर सांगून चाचा थांबले. पोट्ट्यांतल्या उसामानं विचारलं, चाय आणू का. चाचांनी हातानंच नको म्हटलं.

तर ती अमावास्येची रात्र. कार्यक्रम चांगला झाला. पाहुण्यांनी कृत्तिका पाहिल्या. एका पोरीला त्या स्टिकरच्या चांदण्या वाटल्या. मचाण स्वीटमध्ये पुण्याच्या एक मॅडम एकट्या उतरल्या होत्या, शांततेसाठी आलेल्या. त्यांनी ललितला दोनदा विचारलं, रात्री कुठला आवाज येणार नाही ना. ललित म्हणाला, नाही येणार मॅडम, निश्चिंत झोपा. दहाला शेकोटी विझवली. सगळे दिवे बंद केले. झटका मशीनची टिकटिक तेवढी चालू राहिली. खुशालराव त्या रात्री कॅम्पवरच होते, स्वयंपाकाच्या तंबूबाहेर खुर्ची टाकून, अंगावर घोंगडी. ललित शेजारी खाटेवर.

थंडी मी म्हणत होती. दव पडायला लागलं होतं. ललितचा डोळा लागत होता.

वरून हाक आली.

टेकडीकडून. लांब. मधेच फाटलेली.

ललित पडल्या जागी थिजला. त्याला वाटलं, गावातलं कोणी पोट्टं मस्करी करतंय. मग शेवटी खोकला आला.

त्यानं खुर्चीकडे पाहिलं. खुशालराव झोपलेले नव्हते. घोंगडीतून त्यांचे डोळे दिसत होते. ते टेकडीकडे बघत होते.

"भाऊ," ललित हळूच म्हणाला. "आवाज देऊ का?"

"कशाचा आवाज?"

"तुमाले आयकू आला."

"मले काई नाई आयकू आलं. गप पड. पाहुणे झोपले हायेत."

परत हाक आली. आता थोडी जवळून वाटली. किंवा नसेल जवळून. वारा नव्हता. एकही कुत्रं भुंकलं नाही. बाजूच्या तंबूत कोणीतरी घोरत होतं ते तसंच घोरत राहिलं. म्हणजे ही हाक ज्यांना ऐकू यायला पाहिजे त्यांनाच येत होती. मोहापाटीच्या दोघांना.

ललित उठून बसला. त्याचं तोंड उघडलं, आवाज घशापर्यंत आला. खुशालरावांनी त्याचं मनगट धरलं. पकड ट्रॅक्टरवाल्याची. ते कानाशी म्हणाले, वरडशीन त उद्या बॅग भर. तुह्या मायचं वावर बी वापस घेऊन जाय, पाहू काय पिकवते त्यात.

आता काय करशील? ललितला दोन्ही दिसत होतं. आवाज दिला तर पाहुणे उठणार, तक्रार होणार, काम जाणार, गाव जाणार. आणि नाही दिला तर…

"नाई देला त तो येते, भाऊ," ललित म्हणाला.

"कोन येते?"

ललितनं नाव घेतलं नाही. खुशालरावांनीही परत विचारलं नाही. पण त्यांनी मनगट सोडलं नाही.

तिसऱ्यांदा हाक आलीच नाही.

बराच वेळ काही नाही. ललितला वाटलं, गेलं. मग टेकडीच्या अंगाला एक ठिपका हलला.

बॅटरी. पिवळी, मंद, सेल संपत आल्यासारखी. हातात धरून माणूस चालला की जशी हलते तशी हलत होती. वावरातून येत होती. तुरीच्या ओळीतून. तुरीचं एक झाड हललं नाही. पाऊल वाजलं नाही.

प्रकाश तारेपाशी आला.

भोंगा वाजायला पाहिजे होता.

प्रकाश तारेच्या इकडे होता. भोंगा वाजला नाही. मशीनची टिकटिक चालू… एकसारखी चालू.

"भाऊ… मॅडम हायेत मचानावर."

खुशालरावांनी मनगट आणखी आवळलं. त्यांचा हात घामानं ओला झाला होता. थंडीत.

प्रकाश मचाणाखाली थांबला. वर पाहिल्यासारखा वर गेला. पडद्यावर एक पिवळा गोल पडला. विचारल्यासारखा. मग पायऱ्या.

पहिली पायरी वाजली.

दुसरी.

सावकाश. म्हातारा माणूस चढतो तशी.

पडदा बाजूला झाला… प्रकाश आत गेला. पडदा पडला. आतून मचाण कंदिलासारखं दिसत होतं. आत कोणी वाकलेलं. खाली, पायांशी वाकलेलं. सावली तेवढी.

मॅडमचा आवाज नाही.

काही नाही…

ललितनं मनगट हिसडलं. सुटलं नाही. तो खाटेवरून खाली पडला, खुशालरावांना खुर्चीसकट ओढलं, आणि जमिनीवर पडल्यापडल्याच ओरडला. आजोबा द्यायचे तसा. पोटातून, लांब, शेवटी वर नेऊन सोडलेला.

मचाणातला प्रकाश थांबला.

मग पडद्यातून बाहेर आला. पायऱ्या उतरला. तारेपलीकडे गेला, तुरीतून गेला, टेकडीकडे चढत गेला. आला होता तसाच. आपलं काम झालं, घरी चाललो, अशा चालीनं. आणि खूप वरून, टेकडीच्या पार वरून, एकदा खोकला आला.

तोवर सगळ्या तंबूंत दिवे लागले होते. पोरं रडत होती. एक साहेब चप्पल शोधत इंग्रजीत शिव्या देत होता. मॅडम पडदा सारून बाहेर आल्या, केस विस्कटलेले, रागावलेल्या. कोण ओरडलं, म्हणाल्या. मी शांततेसाठी आले इथे. ललितनं विचारलं, मॅडम, आत कोणी आलं होतं का? त्या आणखीच भडकल्या. कोण येणार? मी गाढ झोपले होते, तुम्ही उठवलंत.

खुशालराव उठून उभे राहिले, घोंगडी झटकली आणि सगळ्यांसमोर ललितच्या कानाखाली वाजवली. पोट्टा दारू पिऊन आहे, असं त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. उद्या हा इथं दिसणार नाही. ललित त्यांच्याकडे बघत राहिला. एवढंच म्हणाला की भाऊ, तुमी पाह्यलं. तुमी बी पाह्यलं. खुशालराव हात जोडून पाहुण्यांची माफी मागण्यात गुंतले होते. मधेमधे ते टेकडीकडे मान वळवत होते, पण त्यांच्या मानेकडे कोण बघतो. गाल तर ललितचा लाल होता.

सकाळी चाचा जीप घेऊन पोचले तेव्हा ललित बॅग घेऊन रस्त्यावर उभा होता. रात्रीचं सगळं त्यानं जीपमध्ये सांगितलं, सपाट आवाजात, रागवायचीही ताकद संपलेली. त्याला वाटत होतं की आपण एकटेच वेडे आहोत. खुशालरावांनी तोवर गावात सांगूनही टाकलं होतं की पोराचं डोकं फिरलं, शिक्षण सुटलं की असंच होतं. मनकर्णाच्या दारात म्हातारे समजूत घालायला येऊन बसले होते. नत्थुजींनी हाक मारली तेव्हा एकही आला नव्हता. समजूत घालायला बरोबर आले.

"थांबा बॉ चाचा," फरदीन मधेच म्हणाला. आवाज चढलेला. "मंग हे भुताची गोष्ट कशी? हे त तुमच्या म्हाताऱ्यायची गोष्ट हाये. तो ललित बरोबर होता ना? मंग त्यालेच काहून हाकललं? तुमी होते ना तिथं, तुमी काय केलं?"

"म्या जीप चालवली," चाचा म्हणाले.

फरदीननं शेकोटीत थुंकल्यासारखं केलं आणि तोंड फिरवलं. पण उठला नाही.

चाचा पुढे सांगायला लागले. जीप निघणार तेवढ्यात मॅडमही बॅग घेऊन आल्या. त्यांना आता तिथं राहायचं नव्हतं. त्या मागच्या सीटवर बसल्या, ललितशी एक अक्षर बोलल्या नाहीत. परतवाड्याच्या अलीकडे चाचांना आरशात दिसलं की त्या पाय चोळतायत. पाय रात्रीपासून जड झालाय, म्हणाल्या, मुंग्या येतायत. चाचांनी जीप बाजूला घेतली. मॅडमनी सलवार घोट्यापासून वर केली आणि मोजा खाली सरकवला.

पोटरीवर एक पट्टी बांधलेली होती.

जुन्या धोतराची, फाडलेली. दवानं ओली. इतकी करकचून की दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं, खालचा पाय काळानिळा. मॅडम बघत राहिल्या. हे मी नाही बांधलं, म्हणाल्या. मग परत म्हणाल्या. ललित मागे वळला, त्यानं पट्टी पाहिली, आणि चाचांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दोघांनाही कळलं. इकडच्या कोणालाही कळलं असतं. साप चावला, आपण त्याला पान लागलं म्हणतो, की विष वर चढू नये म्हणून तिथंच बांधतात, आणि तशीच बांधतात. छातीत कळ आलेला माणूस पोटरी बांधत नाही.

चाचांनी पाय नीट पाहिला. उजेडात धरून पाहिला, ओल्या फडक्यानं पुसून पाहिला. कुठं दात लागलेला नव्हता. खरचटलेलंही नव्हतं.

गाठ सुटेना. दोऱ्यांतला माणूस ललित, त्यालाही सुटेना. एका हातात बॅटरी धरलेली असली, आणि दुसऱ्या एकाच हातानं बांधायची असली, की माणूस कापडाचं टोक दातांत धरून ओढतो, तशी ती बसली होती. शेवटी चाचांनी ब्लेडनं कापली. कापलेली पट्टी ललितनं उन्हाकडे धरली.

पायावर दात नव्हते. पट्टीच्या टोकावर होते. माणसाचे… आणि ताजे.